दार पुन्हा उघडायला लावणारी

पहिल्यांदा जागृतीने जतीनच्या कंटेनरचं दार उघडायला लावलं, ते खरंच चूक होती म्हणून. अच्छाडच्या गोदामात मालाची बांधणी तपासून सही करायची, ही तिची नोकरी. तो डहाणूचा, माल बंदरावर नेणारा ट्रेलरचालक. खोक्यांमध्ये हातभर फट होती. ती भरून होईपर्यंत तो तिच्याशेजारी उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, अशी खोट रोज काढत जा."

तिने काढलीसुद्धा! कधी पट्टा सैल, कधी खोकं तिरकं... सगळं जागच्या जागी असताना. तेवढाच अर्धा तास, एक चहा आणि त्याचं ते चोरून बघणं. त्यालाही कळत होतंच. तो लटकं कुरकुरायचा, ती उगाच गंभीर तोंड करायची.

त्या शुक्रवारी मात्र लोखंडी पंपांच्या पेट्या एकाच अंगाला रचल्या होत्या, न बांधता. माल उतरवा, ती म्हणाली. जतीनने आत डोकावूनही पाहिलं नाही.

"आज नको ना, जागू. उद्या आईला घेऊन कैनाडला येतोय... तुझ्या घरी."

"जतीन, आज खरंच..."

"तुझं रोजच खरं असतं," तो हसला.

उद्या. घरी. आनंदाने तिचं भानच हरपलं आणि तिने सही केली.

तळासरीच्या वळणावर ट्रेलर उलटला. जतीनचा उजवा हात कोपरापासून गेला. ट्रेलरच्या मालकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, गाडी मीच जोरात घेतली असणार. त्याला तसंच वाटत होतं.

महिन्याने ती त्याच्या घरी गेली. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. आत जतीन खाटेवर बसलेला. स्वतःला शिव्या देऊन झाल्यावर त्याने विचारलं, अशा माणसाशी अजून लग्न करशील का?

हो म्हटलं असतं तर सगळंच मिळालं असतं.

"चूक तुझी नव्हती," जागृती म्हणाली. "त्या दिवशी माल खरंच चुकीचा भरला होता. मला दिसत होतं. मी उद्या मालकालाही सांगणार आहे."

जतीनने मान वर केली.

"दिसत होतं... तरी सही केलीस?"

"तू घरी येणार होतास म्हणून."

त्याने डाव्या हाताने चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा, जागृती."

अंगणात आईने तिला थांबवलं. "कैनाडला कधी येऊ गो आमी?"

"आता नका येऊ," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.