मोतीबाईच्या घराचा अडसर

लाइट यायले अजून वेळ आहे. मोटर चालू झाल्याशिवाय गव्हाले पाणी सुटत नाही, अन् तुमी पोट्टे मोबाइलात डोकं घालून बसले. ठेवा ते बाजूले. शेकोटीत दोन पऱ्हाट्या सारा. सांगतो.

ऐकीव गोष्ट नाही ही. सेवादास राठोडची आहे. रिसोड डेपोत मी गाडी चालवायचो अन् तो तिकिटं फाडायचा. मी रिटायर झालो, तो अजून ड्युटीवर आहे. भागवत, तू ओळखतं त्याले. उगाच बोलणारा माणूस नाही तो.

यंदाची रथसप्तमी. जानेवारीची पंचवीस तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी झेंड्याची सुट्टी.

पैनगंगेच्या काठाले त्यायचा, बंजाऱ्यायचा, जुना तांडा होता. नदीच्या पल्याड तवा निजामाची मोगलाई, अल्याड आपला वऱ्हाड. रझाकाराच्या धामधुमीत सेवादासची आजी मोतीबाई, आजा बाबूसिंग अन् आणखी काही घरं रातोरात नदी उतरून अल्याड आली, अन् काठावरच बसली. पुढं पूर आला तसा तांडा वर रोडले सरकला. खाली राह्यलं एकच घर, मोतीबाईचं. बोटाबोटावर हिरवं गोंदण होतं त्या म्हातारीच्या. मातीच्या जाड भिंती. खिडकी नाही. एक दरवाजा.

आता तांड्यातली अर्धी माणसं ऊसतोडीले जातात, शिकलेली पोरं पुण्या-मुंबईले. म्हाताऱ्या बायायचे आरसे लावलेले फेटिये, म्हणजे घागरे, पेटीत कसर लागून चालले होते. कोणी त्यायच्या गोधड्या शिवल्या. सेवादासले ते पाहवेना. मले म्हणे, "भाऊ, आमी कोठून आलो, काहून आलो, हे उद्याच्या लेकराले दाखवाले काही तरी राह्यलं पाह्यजे ना." मंग सुट्टीच्या दिवशी हा घरोघरी हिंडायचा. कोणाची कांचळी, म्हणजे चोळी आण, कोणाच्या बैलाची घंटा आण, कोणाच्या परसात पडेल जातं उचलून आण. आजीचं घर सारवून-लिंपून त्यात सगळं मांडलं. सव्वीस तारखेले उद्घाटन होतं. तांड्यातून बाहेर गेलेली कुटुंबं खास येणार होती. त्याची पोरगी निताही त्याच रात्री पुण्याच्या गाडीनं रिसोडले उतरणार होती.

त्या घरातलं त्यानं सगळं दुरुस्त केलं, पण दरवाजा तोच ठेवला. त्याले आतून अडसर आहे. बाभळीचा, मांडीएवढा जाड. भिंतीतल्या भोकातून ओढून समोरच्या भिंतीत सारायचा. कित्येक वर्षांत तो कोणी ओढला नव्हता.

दिवस बुडता सेवादास बॅटरीचा दिवा घेऊन खाली गेला. एक फेटिया लटकवायचा राह्यला होता, अन् खिळा दाराच्या मागच्या बाजूले होता. म्हणून त्यानं दार लोटून घेतलं. फेटिया लावला. वळून एक घंटा सरळ करून राह्यला होता, तर मागं आवाज आला.

सर्र...

पाहते तर अडसर आडवा.

आधी तो हसला. त्याले वाटलं, भिंतीले उतार असंन, घसरला असंन. ओढला. हलला नाही. पाय भिंतीले लावून ओढला. हातोडीनं ठोकला. बाभूळ ते, वण बी पडला नाही.

मंग त्यानं मले फोन लावला. "भाऊ, निताले स्टँडवरून घ्या. मी आजीच्या घरात अडकलो. अडसर बसला. तिले घेऊन इकडं या, अन् पहार आणा. मंजूले सांगू नका, ती अंधारात एकटीच इकडं पळत येईन."

मंजू म्हणजे त्याची बायको. मी पोराची कार काढली. पुण्याची गाडी आली, निता उतरली. बापाचं ऐकून ती हसत होती. म्हणे, "काका, बाबा आता स्वतःच त्या संग्रहालयात बसले."

आमी नदीच्या रस्त्याले लागलो. चंद्र मावळतीले आलता. तितक्यात तिचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर टाकला.

सेवादास वैतागला होता. "भाऊ, नुस्ते आवाज काय देऊन राह्यले? दार आतून बसलं म्हणून सांगतलं ना. पहार घाला."

"कोणाले बोलून राह्यला तू?"

"तुमालेच. दाराशी तर उभे आहे तुमी."

मी ब्रेक मारला. म्हटलं, "सेवादास, आमी अजून रोडवर आहो. निता माझ्या बाजूले बसेल आहे."

त्याचा श्वास तेवढा ऐकू ये. अन् त्याच्या मागं, दुरून, लाकडाच्या पल्याडून...

"सेवादास... उघड. मी जगदेव."

पोट्टेहो, आपलाच आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून ऐकला असंन तुमी. तसा. माझाच.

निताची हसी तिथंच थांबली.

आमी खाली गेलोच नाही, आधी वरच्या तांड्यात गेलो. मंजूले सांगणं भाग होतं. तिथं सेवादासची आत्या भागिरथा शेकत बसली होती. मोतीबाईची लेक. कमरेत वाकली, पण कान शाबूत. सगळं ऐकलं अन् तिनं एकच विचारलं, "याच्याच आवाजात?"

मी मान हलवली.

"माह्या बापाले असंच बलावलं होतं," म्हातारी म्हणाली. "नदी उतरून आलो त्याच थंडीत. माह्या काकाचा आवाज. बाबूसिंग, बाहेर ये, बैल सुटला. बापानं अडसर काढला अन् गेला. काका तर आत माह्या बाजूले झोपेल होता."

"मंग?"

"मंग काय. बाप दिसला नाही. मायनं मरेपर्यंत दिवे लागल्यावर तो अडसर कोणाले काढू देल्ला नाही. पावन्याले नाही, दुखण्या-बाण्याले नाही."

मंजू उठली. टॉर्च हातात. "आत्या, गोष्टी मंग सांगा. माहा माणूस तिथं कोंडला आहे." मीही पहार उचलली.

भागिरथानं मले थांबवलं. "जाय. पण दाराशी उभा राहून काय म्हणशीन? मी जगदेव, उघड... हेच ना?"

मी उभा राह्यलो. मंजूकडं पाह्यलं. तिच्याही ध्यानात आलं. मी जाऊन हाक मारली तर त्यानं कसं ओळखावं, कोणता जगदेव? मंजूनं मारली तरी तेच.

मी पहार खाली ठेवली. अशी वेळ माह्यावर कधी आली नव्हती. माणूस हाकेच्या अंतरावर, अन् हाक मारता येत नाही.

म्हातारीनं फोन मागितला. तोंडाशी धरला. "सेवा, उजाडेपर्यंत कोणी आलं नाही. मी आली म्हणलं तरी मी आली नाही. समजलं काय?"

"हो, आत्या," तो म्हणाला. मंग फोन बंद पडला. बॅटरी संपली असंन त्याची.

आमी अंगणात बसलो. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. निता आईच्या पदरात हात घालून बसली. कोणी झोपलं नाही.

आत काय झालं ते त्यानं मले नंतर सांगतलं.

दिवा मंद होत गेला. आवाज दाराशी होता, तो भिंतीशी गेला. मंग मागच्या भिंतीशी. घराभोवती फिरून राह्यला. पाय वाजत नव्हते. नुसता आवाज. सेवादास... सेवादास... कधी दम देल्यासारखा, कधी समजावल्यासारखा.

मंग दिवा गेला.

मंग आवाजही गेला.

त्याले वाटलं, सुटलो. बसला जात्याच्या कडेले. किती वेळ, त्याले माहीत नाही.

"बाबा."

निता.

"बाबा, मी आले. सगळे झोपलेत. इथं खूप थंडी आहे हो..."

त्यानं कान दाबले. तरी ऐकू ये. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, म्हणे. ती हळूच बोलत होती, लहानपणी ताप आल्यावर बोलायची तशी. "बाबा, उघडता ना?"

बाप आहे शेवटी. उठला. अंधारात चाचपत दाराशी गेला. अडसराले हात लावला.

इतका वेळ न हललेला अडसर... बोटानं सरकला.

थोडा.

अजून थोडा.

बाहेर एकदम चूप. श्वास नाही. वारा नाही. कोणी तरी अगदी दाराले लागून वाट पाहून राह्यलं होतं.

अन् तवा त्याचं मनगट धरलं गेलं.

आतून.

हात गरम होता. खरबरीत, रोज दळणाऱ्या बाईचा असतो तसा. दाबला नाही, ओढला नाही. नुस्ता धरला.

तो म्हणाला, "याडी..." त्यायच्यात मायले याडी म्हणतात, आजीलेही तो तेच म्हणायचा.

हात तसाच.

बाहेरून पुन्हा एकदा, "बाबा..."

मंग नाही.

तो तसाच उभा राह्यला. रातभर. बसता आलं नाही, हात सोडवता आला नाही. भीती कोणाची वाटावी, हेही समजेना, म्हणे.

फटफटलं तसे आमी खाली उतरलो. सूर्य निघेपर्यंत म्हातारीनं दाराजवळ जाऊ देल्लं नाही. पहिलं ऊन दारावर पडलं, अन् अडसर आतून सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं. सेवादास उभा होता, उजवा हात पुढं धरून. निताले पाह्यलं अन् खाली बसला. तिच्या तोंडावरून हात फिरवत राह्यला.

उद्घाटन झालं. माणसं गाड्या भरभरून आली. म्हाताऱ्या बाया त्या फेटियायले हात लावून रडल्या. पोरायनं फोटो काढले. सेवादास बाह्या खाली करून एका कोपऱ्यात बसेल होता. दिवे लागायच्या आधी त्यानं सगळ्याले वर नेलं, अन् दाराले बाहेरून कुलूप घातलं.

चार-आठ दिवसानं तो माझ्या घरी आला. चहा घेतला. मंग बाही वर सारली.

मनगटावर हिरवे ठिपके, आधी कधी न पाह्यलेले. जिथं बोटं टेकली होती, तिथं तिथं. मले वाटलं मार बसला असंन, रक्त साकळलं असंन. त्यानं घासून दाखवलं. मी ओल्या फडक्यानं पुसून पाह्यलं. जाईना.

परवा वाशिमले चामडीच्या डॉक्टरकडं नेलं त्याले. मी संगच होतो. डॉक्टर पोरगा हुशार. भिंगातून पाह्यलं, बोटानं दाबलं, अन् हसला.

"काही आजार नाही काका. गोंदण आहे हे."

सेवादास म्हणाला, "नवं आहे काय?"

"नवं कुठचं? रंग पार खोल उतरला आहे," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या लहानपणीच कोणी तरी गोंदलं असेल."

सेवादासनं बाही खाली केली.