भरलेलं कटोरदान

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील, पण लखनौत तेव्हा धुकं असं पडतं की तीन काय आणि सहा काय, सारखंच. मी मटार सोलत बसले होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिवांगी वही-पेन घेऊन वर आली. हातात एक कापडी पिशवी होती, ती तिनं दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. आपल्या बायका एकमेकींकडे रिकाम्या हातानं जात नाहीत, त्यात विचारायचं काय?

"ताई, शनिवार-रविवारचा प्लॅन करून द्या ना. रणजितला एकदाची सुट्टी मिळालीय."

शिवांगी साताऱ्याची. नवऱ्याच्या कंपनीनं चार महिन्यांपूर्वी त्यांना इथे धाडलं होतं. तिला पाचवा महिना होता आणि सातव्यात ती बाळंतपणाला माहेरी जायची होती. "मग कुठलं फिरणं न् कुठलं खाणं, ताई! आत्ताच काय ते उरकून घेते."

मला हौस दांडगी. मटार बाजूला सारले आणि सांगत सुटले. शनिवारी सकाळी जुन्या शहरात, चौक भागात मक्खन-मलाई खा, ती थंडीतच मिळते आणि नऊनंतर नुसती रिकामी परात दिसते. मग इमामबाडा, पण भूलभुलैयात वाटाड्या घेतल्याशिवाय शिरू नका. संध्याकाळी हजरतगंज, रविवारी रेसिडेन्सी. चिकनकारीचा कुडता घेताना पहिल्या दुकानात भुलू नकोस, टाके उलटून बघ. ती भराभरा लिहीत होती.

"आणि शनिवारी रात्री राहायचं चौकातच," ती म्हणाली. "एका जुन्या घरात खोली देतात म्हणे. जेवण घरचं. कोणी म्हातारी बाई आहे..."

माझ्या हातातली शेंग खाली पडली.

"तिथं नाही राहायचं, शिवांगी."

"का हो?"

सांगावं की नाही? नऊ वर्षांत मी हे कुणाला बोलले नव्हते. नवरा-बायकोत सुद्धा आम्ही तो विषय काढत नाही. पण पोटुशी पोर समोर बसलेली. म्हटलं, सांगून टाकू.

तेव्हा आमची मिरजेला बदली झाली होती. प्रणवच्या बँकेची ऑर्डर हातात, सामान बांधलेलं, सोमवारी ट्रक येणार. तीन वर्षं लखनौत राहून मी भाजीबाजार आणि चारबाग स्टेशन सोडून काही पाहिलं नव्हतं. "असं कसं जायचं?" म्हणून मी भांडून दोन दिवस काढायला लावले. शनिवारी खाऊन-फिरून पाय मोडले, तेव्हा चौकातल्या एका गल्लीत त्या घराचं दार उघडं दिसलं. आत केवड्याचा वास होता. म्हातारीनं पांढरा दुपट्टा पांघरला होता. तिनं आम्हाला असं काही आग्रहानं वाढलं की माझ्या आईचीच आठवण आली. झोपायला खोली दिली, पैशाचं नाव काढू दिलं नाही.

सकाळी निघताना तिनं पितळेचं कटोरदान हातात ठेवलं. आपला पोळ्यांचा डबा असतो ना, तसंच. झाकणावर दोन मासे कोरलेले, त्यातल्या एकाचा डोळा झिजलेला. आत शीरमाल, केशर लावलेली गोडसर रोटी, गरम.

"जाने से पहले ख़ाली लौटाइएगा, बेटी," ती म्हणाली. "हमारे घर का बर्तन भरा लौटे, तो मेहमान जाता नहीं।"

मला वाटलं, लखनवी अदब आहे. बोलतात तसं. तूच सांग, आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करतात? आईनं मला त्यावरून लहानपणी धपाटे घातलेत. नुकती संक्रांत झाली होती, आईनं मिरजेहून तिळाचे लाडू पाठवले होते, प्रत्येकावर दाण्याची पाकळी दाबलेली. त्यातले दोन मी कटोरदानात घातले आणि रविवारी संध्याकाळी नेऊन दिले.

म्हातारीनं झाकण उघडलं. लाडू बोटानं हलवून पाहिले. मग हळूच म्हणाली, "अच्छा... तो आप रहेंगी।"

सोमवारी ट्रक दाराशी उभा असताना बँकेतून फोन आला. बदली स्थगित. आणि दारात ते कटोरदान, शीरमाल गरम.

"योगायोग असेल, ताई," शिवांगी म्हणाली. पण वही तिनं मिटली होती.

मीही तेच म्हटलं होतं. मग आई आजारी पडली. अमौसीहून विमान, धुक्यानं रद्द. ट्रेन, रद्द. तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी केली, म्हटलं कानपूर गाठू, पुढचं पुढे. उन्नाव मागे पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आता गंगेचा पूल येणार म्हणून मी पर्समधून नाणं काढून मुठीत धरलं, पाण्यात टाकायला. तासभर गेला, पूल येईना. मग धुकं जरा विरळ झालं आणि समोर घुमट दिसले... चारबागचे. ड्रायव्हर रडायला लागला. तो एकदाही वळला नव्हता गं. आम्हीही कुठे वळण पाहिलं नाही.

आईला मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. चिता पेटताना रेंज गेली.

"मग ते भांडं रिकामं करून द्यायचं ना!"

"दिलं. कितीदा दिलं! घासून, पुसून, उन्हात वाळवून. चौकापर्यंत झाकण धरून बसायची मी रिक्षात. म्हातारी उघडायची आणि म्हणायची, 'इसमें तो कुछ रखा है, बेटी।' तेच दोन लाडू. दाण्याची पाकळी दाबलेले, आईच्या हातचे. आणि चार-आठ दिवसांनी कटोरदान पुन्हा माझ्या दारात. दिवाळीनंतर मात्र आलेलं नाही."

नऊ वर्षं, शिवांगी. बाबा ऐंशीच्या पुढे गेले, गुडघ्यांनी घरातल्या घरात अडकलेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "कधी येतेस गं?" आणि मी म्हणते, पुढच्या महिन्यात.

खोलीत अंधारून आलं होतं. मी दिवा लावायला उठले.

"ताई..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "ते झाकण... माशांचं?"

"हो."

"परवा आमच्या दारात डबा होता. गोडसर रोट्या होत्या, गरम. मला वाटलं, तुम्हीच पाठवला... तोच द्यायला आले होते."

मी स्टुलाकडे पाहिलं. पिशवीचा तळ गोल दिसत होता. हात घातला तर पितळ कोमट लागलं. झिजलेला डोळा आधी बोटाला लागला, मग मी बाहेर काढलं.

"रिकामा आणलास ना? शिवांगी, रिकामा आणलास ना?"

"मूठभर साखर घातली... आई म्हणते, रिकामं भांडं देऊ नये."

मी झाकण उघडलं. नुसती साखर. मी बोटांनी तळापर्यंत चाचपली. लाडू नव्हते. नऊ वर्षांत पहिल्यांदा नव्हते.

आणि तेवढ्यात फोन वाजला. प्रणवचा. त्याला धड बोलता येत नव्हतं. "उत्कर्षा, ऑर्डर आली. मिरज. आजच रिलीव्ह करतायत... ऐकतेस ना?"

खरं सांगते, मला आनंद झाला. आधी आनंदच झाला. बाबांना भेटणार मी! मग शिवांगी दिसली. एक हात पोटावर, दुसऱ्यानं ती साखर उपसून माझ्या मटाराच्या टोपल्यात टाकत होती. मूठ, मूठ, मूठ. कटोरदानातली साखर कमी होत नव्हती.

"ताई, हा ठेवून घ्या ना तुमच्याकडे! तुमच्याकडे यायचा ना तो नेहमी? तुम्हाला माहीत आहे कसं... ताई, मला सातव्यात जायचंय..."

ठेवून घेतला असता, तर? मला माहीत नाही. पण मी ठेवून घेतला नाही. झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"माझा नाही तो," मी म्हटलं. "घेऊन जा."

ती जिना उतरताना भांड्याचा आवाज येत होता. पायरीगणिक एकेक.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गंगेचा पूल आला, पण नाणं टाकायचा धीर मला झाला नाही. मिरजेच्या घरात बाबांनी मला जवळ घेतलं आणि दोघंही पोटभर रडलो.

मार्चमध्ये शिवांगीचा मेसेज आला. "ताई, आज पण गाडी रद्द. डॉक्टर म्हणतात आता प्रवास नको." खाली दोन मिस्ड कॉल. मी ते तसेच ठेवलेत. रोज बघते, फोन करत नाही. काय बोलणार?

एक सवय मात्र लागली. आता मी कुणाचंच भांडं भरून परत करत नाही. शेजारच्या शर्मिष्ठावहिनींना ते खटकतं, कळतं मला. काल त्यांनी आमटीची वाटी दिली होती. मी ती घासली, पुसली, उजेडात धरून दोनदा आत पाहिलं आणि बाबांसमोर उपडी करून दाखवली. मग कुंपणावरून त्यांच्या हातात दिली.

मी वळले होते. मागून त्यांची हाक आली.

"अगं उत्कर्षा! एवढी मूठभर साखर कशाला घातलीस?"