उरलेली संख्या

बाबा गणिताचे मास्तर. घरात त्यांचा एक नियम होता: संख्येचा अवयव मोठ्याने म्हटल्याशिवाय सापडला असं धरायचं नाही. मनातल्या मनात काय, कुणीही शहाणा असतो, म्हणायचे.

अंथरुणाला खिळल्यापासून त्यांनी कुठलीशी अडीचशे आकडी संख्या धरून ठेवली होती. रोज सकाळी ती म्हणून दाखवायचे. एकही आकडा इकडचा तिकडे होत नसे, आणि ऐकता ऐकता माझा चहा निवून जायचा.

"फोड हिला," मला म्हणायचे.

मी विमा कंपनीत आकडेमोड करते. भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. म्हटलं, तेवढाच विरंगुळा. संख्या कॉम्प्युटरवर घातली. छोटा अवयव लगेच निघाला, तो मी त्यांच्या उशाशी मोठ्याने म्हटला. बाबा खूश झाले. भागून उरलेली संख्या लगेच घडाघडा म्हणायला लागले.

दुपारी काका आले.

"हे गृहस्थ कोण?" बाबांनी मला विचारलं.

काकांनी ते हसण्यावारी नेलं, पण जिन्यात डोळे पुसले. या वयात असं व्हायचंच, असं डॉक्टर म्हणाले. मलाही ते पटलं.

दुसऱ्या अवयवाने कॉम्प्युटरचा घाम काढला. सापडला, तसा मी तो बाबांना सांगितला. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "बाई, तुम्हाला घरी जायला उशीर नाही का होत?"

आई होती तिथेच खाली बसली.

दोन अवयव, दोन माणसं. आता बाबा फक्त मला ओळखत होते. उरलेली संख्या मूळ असती, तर ती फुटणारच नव्हती आणि प्रश्न मिटला असता. मी तपासलं. मूळ नव्हती. मोठ्या संख्यांचं हे असंच असतं. फुटते एवढं खात्रीने कळतं, कशात फुटते ते कळत नाही. मी कॉम्प्युटर बंद केला.

"बाबा, आता पुरे."

"माझ्या हातात कुठे आहे?" ते म्हणाले. "डोकं आपलं भाग घालतच बसतं."

एका सकाळी ते दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"सापडला?" मी विचारलं.

"विचारू नकोस, चिमणे. मला तो म्हणायचा नाही."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मला रडू आवरेना.

त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाण्याचा चमचा नेला तरी ओठ उघडेनात. माझा हात धरून नुसते बघत राहायचे. आई दाराशी उभी राहायची, आत यायची नाही. तिच्यासारखं परकं व्हायची माझी तयारी नव्हती. काही झालं तरी नव्हती.

दुपारी त्यांचा डोळा लागला.

ओठ सुटले.

"सात," ते झोपेत म्हणाले. "शून्य. तीन."

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

तळव्याखाली ओठ हलतच होते.

तो अवयव मोठा होता. ओठ थांबेपर्यंत मी हात काढला नाही.