तारेत ओवलेली पत्रं

त्या दिवशी मी माळ्यावर चढले ती जाड पांघरूण काढायला. हवा गार झाली होती आणि आईचे पाय काही केल्या ऊब धरत नव्हते. पांघरूण ओढलं, तशी त्याच्या मागून एक वस्तू खडखडत खाली आली. पाहिलं तर आमची पत्रांची तार.

हल्लीच्या मुलांना ती माहीत नसेल, म्हणून सांगते. खाली लाकडाची चकती, तिच्यातून वर निघालेली लांब तार, टोकाला आकडा. पत्र वाचून झालं की मधोमध टोचून तारेत सारायचं आणि तार खिळ्याला अडकवायची. जुनं पत्र तळाशी, नवं वर. त्यामुळे प्रत्येक पत्राच्या पोटात एक भोक असायचं आणि त्या भोकात कुठला तरी शब्द कायमचा गेलेला असायचा.

ही सगळी पत्रं मावशीची होती. आई लग्न होऊन सासरी आली तेव्हापासून मावशी तिला लिहीत राहिली, अगदी स्वतः जाईपर्यंत. वाचायचे बाबा. ते छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. हात कायम काळे. पत्र आलं की आधी रॉकेलने हात चोळायचे, मग साबण लावायचे, आणि मगच पाकीट हातात घ्यायचे. सगळे बसल्याशिवाय सुरुवात नाही. आत्या उंबऱ्यापाशी बसायची. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळ्यांच्या मागून हसायची. जुनं पत्र पुन्हा काढलं तर भोकातला शब्द बाबा न अडखळता भरायचे. सगळं पाठ.

आता बाबा नाहीत, आत्या नाही, मावशीही नाही. आई माझ्याकडे असायची. मी घरीच शिवणकाम करते. पँटची उंची कमी करणं, पडद्यांना दुमड घालणं, असली कामं. मशीन तिच्या खोलीतच ठेवलं होतं, म्हणजे लक्ष राहतं. दादा परदेशात. तो रोज फोनवर तोंड दाखवायचा. सुरुवातीला आई फोन उलटा करून मागे बघायची. एकदा म्हणाली, "हा एवढा वाळला कसा? डबीत मावतोय." त्यावर आम्ही खूप हसलो. पण तो तिचा शेवटचा विनोद. मग ती बोलेनाशी झाली. खाणंही सुटलं. तिला तपासायला घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "औषधाचं काम झालं. आता तिच्याशी जुनं काही बोलत जा."

म्हणून मी त्या दुपारी तार घेऊन तिच्या पलंगाशी बसले. वरचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. मावशीचं अक्षर उजवीकडे कललेलं, घाईत निघाल्यासारखं. 'आमच्या मालकीणबाईंनी मांजर पाळलं आहे. मांजर उंदराला भितं आणि मालकीणबाई मांजराला. आणि ताई, तुला खोटं वाटेल, पण या वयात मी...' पुढे भोक. मी थांबले.

"पोहायला," आई म्हणाली.

कित्येक महिन्यांनी आलेला शब्द! पुढे होतं, 'शिकते आहे.' त्या दिवशी आई कपभर दूध प्यायली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले आणि मग दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे वा! मग त्या सगळ्या पत्रांचे फोटो काढून पाठव ना."

"फोटो कसले पाठवू? वाचायची असतात ती."

तेव्हापासून रोज दुपारी मशीनवर झाकण घालायचं आणि एक पत्र वाचायचं, असं ठरून गेलं. त्या वेळी गल्ली निजलेली असते. खिडकीचा पडदा हलत नाही. एका दुपारी मी घडी उलगडली, तर आईने पाय आखडून घेतले आणि हळूच भिंतीकडे सरकली.

"काय झालं गं?"

"जागा नको का त्यांना? उभ्याने ऐकतील?"

मला वाटलं, भ्रम असेल. असू दे. पण दुसऱ्या दिवशी पत्र हातात घेतलं आणि तिने माझं मनगट धरलं.

"थांब... हात धुताहेत."

मी थांबले. घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत मला वास आला. रॉकेलचा. आमच्या घरात कित्येक वर्षांत रॉकेलचा थेंब आलेला नाही. मोरीकडून हात चोळल्याचा आवाज येत होता. सावकाश, तळहातावर तळहात, जसा कामावरून दमून आलेला माणूस चोळतो. मग तो थांबला. पलंगाची मोकळी बाजू जराशी खचली.

"हं," आई म्हणाली, "वाच आता."

मी वाचलं. भोकाशी आले. आईचं तोंड मिटलेलं होतं. तरी तो शब्द आला... न अडखळता, जिथे यायला हवा तिथे. थोड्या वेळाने उंबऱ्यापाशी कुणीतरी सगळ्यांच्या मागून हसलं.

भीती वाटली का, असं विचाराल. वाटली. मान वळवून बघायची हिंमत मला एकदाही झाली नाही. पण एक सांगते, दुसऱ्या दुपारची वाटही मीच पाहत होते. आई जेवू लागली होती. केस विंचरून घ्यायची. गालावर रंग आला होता. नर्सबाई म्हणाल्या, "काय जादू केली हो?" मी म्हटलं, "माणसांत राहते ना आता." त्या खोलीभर बघून आपली पिशवी आवरायला लागल्या.

पण पत्रं वरून खाली संपत होती, म्हणजे आम्ही रोज मागे मागे जात होतो. मावशी लहान होत चालली होती. तिच्या नोकरीचं पत्र झालं, मग परीक्षेचं. आईही तिच्याबरोबर चालली होती. एक दिवस तिने मला माझ्या लहानपणच्या नावाने हाक मारली. मी हरखून गेले. मग ते पत्र आलं, 'मुलगी झाल्याचं कळलं. नाक कुणाचं, ते आधी कळव. आपलं असेल तर बिचारीला सांभाळून घ्या.' आई खूप हसली, माझं नाक चिमटीत धरून हसली.

त्याच्या खालचं पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचलं. त्यात मी नव्हते. अजून जन्मलेच नव्हते. वाचून झाल्यावर आई माझ्याकडे बघून परक्या बाईशी बोलावं तशी आदराने म्हणाली, "फार छान वाचता तुम्ही. कोणाकडच्या?"

मी म्हटलं, "इथलीच."

"बरं झालं भेटलात. आता थोडीच राहिलीत. तार रिकामी झाली की आम्ही निघू."

"आम्ही म्हणजे?"

ती नुसती बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून लाजली.

तळाचं एकच पत्र उरलं, तेव्हा मी ते काढलं नाही. तार परत खिळ्याला अडकवली आणि दादाला फोन लावला.

"दादा, आईला पत्र लिही. हाताने. आजच्या आज टाक."

"अगं, माझं अक्षर! माझी सही बँकसुद्धा ओळखत नाही."

"चालेल. कोंबडीचे पाय काढ, पण हाताने काढ."

तो गुणी आहे, त्याने ऐकलं. कुरिअरने पाकीट आलं. मी धावत आईजवळ गेले आणि फोडलं. दोन पानं, छान टाइप करून छापलेली. खाली नाव तेवढं शाईचं. त्याला वाटलं असेल, आईला वाचायला बरं पडेल. मजकूर मात्र मनापासूनचा होता हो. पण कुणी आलं नाही. वास नाही, चाहूल नाही. आईने कागद हातात घेतला, बोटाने चाचपला आणि परत दिला.

"विजेचं बिल आहे का?"

त्यानंतर आईने पुन्हा खाणं सोडलं. मी जुनी पत्रं पुन्हा वाचून पाहिली. ती मान हलवायची, "हे झालं." दुपार झाली की ती भिंतीला चिकटून, अंग चोरून पडून राहायची. ते येऊन बसलेले असायचे. रॉकेलचा वास यायचा. उंबऱ्याशी खोकला. कुणी घाई करत नव्हतं. नुसते बसून राहायचे, धुतलेले हात मांडीवर ठेवून बसावं तसे. आईचे ओठ सुकले होते. ती एकदाच म्हणाली, "ताटकळलेत हो बिचारे..."

मी त्या रात्री झोपले नाही. मला समजत होतं, मी आईला धरून ठेवलेलं नाही. मी तिला दारात उभं करून ठेवलं आहे, ना आत, ना बाहेर.

दुसऱ्या दुपारी मी तिला आंघोळ घातली, धुतलेली चादर घातली आणि तारेवरून ते शेवटचं पत्र काढलं. शाळकरी अक्षर, पेन्सिलीचं. शब्दाशब्दाला खोडलेलं.

'ताई, तू गेल्यापासून मला एकटीला झोप येत नाही. आई म्हणते, तुझी ताई आता तिकडची झाली. मी म्हटलं, असू दे, पण तिला विचारा तर खरं. तुझी उशी मी कुणाला देत नाही. तू केव्हा...'

भोक. या वेळी कुणीच शब्द दिला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, हे मला न बघता कळलं. तो शब्द मीच म्हणायचा होता.

"येशील," मी म्हटलं.

पत्र तिथेच संपलं. खाली नुसतं मावशीचं नाव. मी कागद मांडीवर ठेवला.

पण ते उठले नाहीत. ते ऐकतच होते.

मी बोलत नव्हते. कागद संपला होता. तरी आई कान देऊन ऐकत होती, मध्येच हं म्हणत होती. मग ती हसली. तिच्या शेजारी कुणी हसलं, आणि सगळ्यांच्या मागून, उंबऱ्यापाशी. कुणीतरी पुढे वाचत होतं. मला मात्र एक अक्षरही ऐकू येत नव्हतं... मला किती एकटं वाटलं, काय सांगू! आईने माझ्या गालावरून हात फिरवला. "रडू नका," म्हणाली, "तुम्हालाही येईल ऐकू." मग भिंतीकडून ती मोकळ्या बाजूला सरकली. आता तिथे अंग चोरायची गरज नव्हती. हळूहळू वास विरला. गादी वर आली. आईचा हात माझ्या हातात गार होत गेला, तरी चेहरा ऐकत असल्यासारखाच राहिला.

दादा येऊन गेला. आता तो मला हाताने लिहितो. खरंच कोंबडीचे पाय. मी ते मनात वाचते, मोठ्याने नाही.

दुपारी मशीन थांबवलं की काही वेळा खोलीत कुजबूज असते. आधी नुसता सूर होता. मग अधूनमधून शब्द कळायला लागले. आणि परवा पहिल्यांदाच अख्खं वाक्य ऐकू आलं. माझ्यासाठीच होतं. 'यायची घाई करू नकोस, पण निघशील तेव्हा चार ओळी टाक.'

मी लिहीन. मात्र पत्ता त्यांनी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तेव्हा तो मला तोंडपाठ होता.