पाय न आपटणारे ससे

पिण्याच्या पाण्यातून 'शमजल' हे औषध सुरू झाल्यापासून फलटणजवळच्या माळावरील त्या ससेपालन केंद्रात एकाही सशाने धोक्याचा इशारा म्हणून मागचा पाय आपटला नव्हता. घार डोक्यावरून गेली, कुत्रे जाळीला नाक लावून उभे राहिले, तरी ससे निवांत खात राहत आणि पूर्वीपेक्षा लवकर वजन धरत.

केंद्र कुमुद थोरवे यांचे. शमजल त्यांच्या धाकट्या भावाचे, जीवशास्त्रज्ञ निरंजनचे. तो पाहणीसाठी पुण्याहून येई तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली आणी.

"काय रे, बहिणीच्या घरचं पाणी बाधतं का तुला?" कुमुदताई चिडवत. तो नुसता हसे.

आज मात्र त्यांनी त्याला थेट पिंजऱ्यापाशी नेले. व्यायच्या वेळी मादी पोटावरचे केस उपटून पिलांसाठी उबदार अंथरूण करते. या पिंजऱ्यातल्या मादीने एकही केस उपटला नव्हता. उघडी, गुलाबी पिले फळीवर गार पडली होती आणि आई शेजारीच लसूणघास चघळत होती.

"निरू, आता सगळ्याच माद्या असं करायला लागल्यात. आजारी तर एकही नाही."

"ताई, शमजलातला जिवाणू आतड्यात वस्ती करतो. आतड्यातून मेंदूकडे एक मज्जातंतू जातो. भीती चढते ती बरीचशी त्याच्या निरोपांवर. जिवाणू ते निरोप मंद करतो. भीतीत जाणारी ताकद अंगाला लागते."

"हे तू सुरुवातीलाच सांगितलंस. केसांचं बोल."

"पिलाची काळजीही त्याच वाटेनं येते," तो हळू आवाजात म्हणाला. "हे मला उशिरा कळलं."

"मग पाणी बंद करू."

"एकदा झालेली वस्ती हटत नाही. निदान मला तरी अजून हटवता आलेली नाही."

कुमुदताईंची नजर पिंजऱ्यातल्या पाण्याच्या नळीवरून वर टाकीकडे गेली, तिथून स्वयंपाकघराकडे उतरणाऱ्या नळाकडे.

"शमजल सोडायचं यंत्र तू टाकीलाच बसवलंस. आम्हीही हेच पितो."

"माणसांवर प्रयोग करून पाहायला परवानगी मिळाली नसती. तुम्ही घरचे. काही त्रास झाला असता तर तू लगेच सांगितलं असतंस."

"ईश्वरी बाळंतपणाला माहेरी येणार, हे ठाऊक होतं तुला. डोहाळजेवणाला माझ्या लेकीच्या हातचं सरबतही घेतलं नाहीस तू. पोट बिघडलंय म्हणालास."



विश्वासघात. शब्द कुमुदताईंना अचूक आठवला. आता छातीत आग पेटेल, हात उगारला जाईल, म्हणून त्या थांबून राहिल्या. काहीच आले नाही.

"चहा टाकू?" त्यांनी विचारले.

तेवढ्यात घरातून तान्ह्याचे रडणे ऐकू आले. ते चढत गेले, श्वास कोंडेपर्यंत चढले. खिडकीतून ईश्वरी दिसत होती. पाळण्याशेजारी बसून ती सावकाश केस विंचरत होती. बाळ रडते आहे, हे कुमुदताईंनाही नीट कळत होते.

धावत सुटला तो एकटा निरंजन.