खांद्यावरची माती

तुर्कांना हाकलल्यावर आमच्या गावचा न्याय अक्रोडाच्या झाडाखाली बसू लागला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला म्हातारा मिलिसाव आणि मधे तेओफान. तो नदीपलीकडून कायदा शिकून आलेला, काटकुळा, सदा खोकणारा माणूस. खोटी साक्ष ऐकली की याचा खोकला वाढतो, असं आम्ही त्याला चिडवायचो.

शेताचा वाद आला की आमच्याकडे जुनी रीत होती. बांधावरचं ढेकूळ खांद्यावर घ्यायचं, "मी माझ्याच मातीवर उभा आहे" अशी शपथ घ्यायची आणि हद्द चालून दाखवायची. खोटं बोललास तर मेल्यावरही ती माती खांद्यावरच. लबाड लोक मग घरच्या अंगणातली माती पायताणात भरून यायचे. शपथही खरी, शेतही खिशात.

"हे ढेकूळ बंद करा," तेओफान म्हणायचा. "साक्षीदार आणा. सरदार असो की गुराखी, कायदा एकच."

सरदार वुकोसावनं विधवा स्तामेनाचं शेत बळकावलं होतं. तिच्या पोरांचं पोट त्याच शेतावर. निकालाआधीच तेओफान तापानं गेला. स्तामेनानं त्याला पुरायला त्याच शेताच्या कोपऱ्यात जागा दिली.

"मेला तुमचा कायदा," वुकोसाव हसला. "ढेकूळ काढा."

उन्हानं जमीन दगड झाली होती. त्याच्या गड्यानं मऊ माती बघून कोपऱ्यातच कुदळ मारली.

"अरे, थडग्यावरची?" मी म्हणालो.

"माती ती माती, काका," वुकोसाव म्हणाला.

शपथ घेऊन तो निघाला. मी मागून चाललो. आधी त्याची पावलं उमटतच नव्हती. मग उमटू लागली. मग पाय घोट्यापर्यंत रुतू लागले.

माझे रुतत नव्हते.

अर्ध्या वाटेत तो थांबला.

"या माणसाला उतरवा," तो पुटपुटला.

"कुणाला?"

"कानाशी खोकतोय."

मी ढेकूळ उचललं. पावाएवढंही वजन नव्हतं. वुकोसाव मटकन बसला आणि त्यानं आपल्याच हातांनी पायताणातली माती ओतली. सगळ्या गावानं पाहिलं.

शेत स्तामेनाला मिळालं. तिनं गहू पेरला तेव्हा मला, खरं सांगतो, रडू आलं.

हल्ली झाडाखाली मधली जागा आम्ही रिकामी ठेवतो. कालच परगावचा एक साक्षीदार आला होता, तेओफानला कधी न पाहिलेला. बोलता बोलता तो अडखळला.

"खरं काय ते सांगतो," त्या रिकाम्या जागेकडे बघत तो म्हणाला. "आधी त्यांना जरा पाणी द्या."