न मोडणारे धपाटे

"यावेळी हिच्यावर मी स्वतः पहारा देणार!" दयानंदकाकांनी चहाचा कप टेबलावर आपटला. "बघतोच, कुठून चोरून समोसा खाते ते!"

सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओट्यापाशी उभी राहून उद्याच्या सहलीचा डबा भरत होती. हातातली ज्वारीच्या लाह्यांची पिशवी तिने इतकी आवळली, की निम्म्या लाह्या ओट्यावर उडाल्या.

"मी चोरून काहीही खात नाही, काका! कितीदा सांगू?"

"मग उलट्या कशानं होतात गं? लातूरला तुझ्या घरी काही होत न्हाई, इथं अहमदपूरला काही होत न्हाई. सहलीला नेलं की झालं सुरू! उदगीरच्या किल्ल्यात तेच, परवा कंधारला तेच!"

सुकन्याला सीलिॲक नावाचा आजार होता. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गहू, रवा, मैदा कणभरही पोटात जाता कामा नये. आता दिवाळीच्या सुट्टीत हे पथ्य सांभाळायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत! शेजारपाजारच्या प्रत्येक घरातून शंकरपाळे, करंज्या आणि चिरोट्यांची ताटं येत होती आणि प्रत्येक ताटाबरोबर एक वाक्य फुकट मिळत होतं, "खा गं, एवढ्याशानं काय होतंय!" त्या वाक्याचा सुकन्याला आजारापेक्षाही जास्त राग यायचा. मन मारून ताट परत करायचं ते करायचं, आणि वर चोर म्हणवून घ्यायचं!

पेपर वाचणाऱ्या माणिकप्पा आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे.

"सहस्रकुंडच्या धबधब्याला जा, पोरी. पण परत आजारी पडलीस, तर ते विष्णुपुरीचं शिबिर रद्द. परक्या ठिकाणी तुला कोण बघणार?"

पुढच्याच आठवड्यात विष्णुपुरीला मुलांचं विज्ञान शिबिर होतं. तिथं मुलं स्वतः रॉकेट बनवून उडवणार होती. त्यासाठी सुकन्याने निवड परीक्षा दिली होती, आईबाबांची मिनतवारी केली होती. ते शिबिर आता तिच्या पोटावर अवलंबून होतं!

"जाऊ द्या हो, लेकरू हाय," जगदेवीकाकू मध्ये पडल्या. "मी तिच्यासाठी येगळे धपाटे करून राहिले ना, ज्वारीचे. चला, निघा आता सगळे सैपाकघरातून! पीठ मळताना मला कुणी मधी मधी नको."

काकूंच्या धपाट्यांचं गल्लीत भारी कौतुक होतं. दोन दिवस गाडीत हेलकावे खाल्ले तरी त्यांचा कोपरासुद्धा मोडत नसे.

अंगणात येताच काका-काकूंचा मुलगा मल्लिनाथ हळूच म्हणाला, "सुकन्ये, तू चोरून खात नाहीस, हे मला माहीत आहे. मला वाटतं, घोळ गिरणीत आहे. आधीच्या कुणाचा तरी गहू चक्कीत उरत असणार!"

कोपऱ्यावरची गिरणी खाजामियाँची. त्यांची मुलगी कहकशां या दोघांची सुट्टीतली मैत्रीण, आणि उद्याच्या सहलीला तीही येणार होती. अंगणातच बसलेल्या तिच्या नाकाला मल्लीची शंका ऐकून मिरच्या झोंबल्या.

"आमच्या गिरणीवर आळ घेतोस? अब्बा सुकन्याची ज्वारी कधी दळतात, माहीत आहे का तुला? भल्या सकाळी, चक्की झाडून, पुसून, सगळ्यांच्या आधी! तिच्यामागून आमच्या घरची ज्वारी पडते. गव्हाचा नंबर त्याच्यानंतर!"

"पण कधी चुकून..."

"अन् त्याच पिठाची भाकरी ती रोज घरी खाते की! तेव्हा का नाही पोट दुखत?"

सुकन्या विचारात पडली. पीठ तेच, पोट तेच. मग सहलीलाच असं काय होतं?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जीप निघाली. काकू पाहुण्यांसाठी घरीच राहिल्या. कहकशां मांडीवर कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन बसली होती. "अम्मी कालपासून चिडली आहे," तिने सुकन्याच्या कानात सांगितलं. "म्हणाली, तुझ्या दळणामागून दळलेल्याच ज्वारीच्या भाकरी आहेत, तुझ्यासाठी तवाही वेगळा घेतला. खाऊन बघ म्हणावं, काही होतं का!"

दयानंदकाका पहाऱ्यावर होतेच! नांदेडला चहाला थांबल्यावर त्यांनी सुकन्याला गाडीतून उतरूसुद्धा दिलं नाही. "भज्यांकडं बघायचं न्हाई!" असं ते इतक्या मोठ्याने ओरडले, की टपरीवरची सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. सुकन्याने दात-ओठ खात एक केळं सोललं.

इस्लापूर मागे पडलं आणि धबधब्याचा आवाज कानांवर आला. काळ्या खडकांवरून पांढरंशुभ्र पाणी धो धो कोसळत होतं! मुलांनी एका सपाट खडकावर बसकण मारली. काका थोड्या अंतरावर भज्यांच्या गाड्याकडे तोंड करून उभे राहिले. चोर तिकडेच जाणार, याची त्यांना खात्री होती.

"आईनं आम्हाला नुसत्या पुऱ्या दिल्यात," मल्ली कुरकुरला. "सुकन्ये, तुझा एक धपाटा दे ना!"

धपाटा हातात पडताच त्याने त्याची गुंडाळी केली आणि डोळ्याला लावली. "कप्तान! समोर धबधबा! जहाज वळवा!"

"थांब, माझी पण दुर्बीण!" कहकशांनं गाठोडं सोडून एक भाकरी गुंडाळायला घेतली. कटकन भाकरीचे तीन तुकडे झाले.

दोघंही खो खो हसायला लागले. सुकन्या मात्र हसली नाही. ती त्या तुकड्यांकडे टक लावून बघत होती.

"मल्ली, तुझी दुर्बीण अजून घट्ट गुंडाळ. हं, आता उलगड."

मल्लीने धपाटा उलगडला. साधी चीरसुद्धा गेली नव्हती!

"ज्वारीची भाकरी थंड झाली की मोडते," सुकन्या म्हणाली. "मग कालचा धपाटा कापडासारखा कसा वळतो?"

"आई डाळीचं पीठ घालते त्यात."

"माझी आईही घालते. लातूरहून निघताना ती देते, ते अर्ध्या वाटेत मोडून जातात."

"गहू!" कहकशां ओरडली आणि तिने पटकन स्वतःचंच तोंड दाबलं.

मल्लीचा चेहरा पडला. "आई असं कशाला करेल? ती तुला त्रास व्हावा म्हणून..."

"मुद्दाम केलं असं मी म्हटलं का?" सुकन्या उसळून म्हणाली. तिला उदगीरचा किल्ला आठवला. भिंतीला धरून ती ओकत होती आणि काका चारचौघांत म्हणत होते, चोराला शिक्षा मिळाली! तो डबा उचलून थेट कुंडात भिरकावून द्यावा, असं तिला वाटलं. ती ताडकन उठली. "आत्ताच्या आत्ता काकांना सांगते!"

कहकशांनं तिचा हात धरला. "बस खाली! ते म्हणतील, स्वतःची चोरी झाकायला काकूंवर ढकलते. तुझं आजवर कुणी ऐकलंय?"

ते मात्र खरं होतं. सुकन्या खाली बसली. ती दोन घोट पाणी प्यायली आणि मग तिघांची डोकी एकत्र आली.

थोड्या वेळाने काका वळून ओरडले, "काय गं, धपाटे खाल्लेस का?"

"खातेय, काका!"

"पप्पा, माझा फोटो काढा ना! मागं सगळा धबधबा आला पाहिजे!" मल्लीने त्यांना ओढतच पलीकडच्या खडकावर नेलं. तो आपल्याच आईचं पितळ उघडं पाडायला निघाला होता. त्याचे कान लाल झाले होते, पण तो मागे हटला नाही. इकडे सुकन्याने कहकशांच्या अम्मीची भाकरी चटणीला लावून पोटभर खाल्ली. सगळे धपाटे कहकशांच्या गाठोड्यात गेले. काका परतले तेव्हा डबा चाटूनपुसून रिकामा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या टुणटुणीत! तिला दोरीवरच्या उड्या मारताना बघून काकांनी आजोबांसमोर छाती फुगवली.

"बघा अप्पा! काल दिवसभर माझी नजर होती. घरचे धपाटे सोडून काही खाल्लं न्हाई, तर आज कशी ठणठणीत हाय! म्हंजे आधी चोरूनच खात होती!"

सुकन्याने दोरी टाकली. "नक्की ना, काका? काल मी धपाटेच खाल्ले?"

"मी स्वतः रिकामा डबा पाहिला की!"

"कहकशां, आण गं!"

कहकशांनं आजोबांच्या पुढ्यात गाठोडं सोडलं. सगळे धपाटे जसेच्या तसे! फक्त दुर्बीण तेवढी मल्लीने खाऊन टाकली होती.

"मी हिच्या घरची भाकरी खाल्ली," सुकन्या म्हणाली. "आणि आता हे बघा, आजोबा." तिने उरलेली भाकरी वळली, तिचे तुकडे झाले. धपाटा वळला, तो मऊसूत गुंडाळला गेला. "फक्त ज्वारीचा धपाटा असा वळतो का हो?"

काकू दारात उभ्या होत्या. मल्ली त्यांच्यापाशी गेला. "आई, खरं सांग. यात काय घातलंस?"

"मूठभर कणीक रे," काकू चाचरत म्हणाल्या. "नुसत्या ज्वारीचे मोडतात ना गाडीत. मला वाटलं, गहू न्हाई खायचा म्हंजे पोळी न्हाई खायची. मूठभरानं काय होतंय..."

"हेच होतं!" सुकन्या किंचाळली. "त्या मूठभरानं मी दोन दोन दिवस अंथरुणात पडले! काका मला चोर म्हणाले, आणि तुम्ही सगळे ऐकत राहिलात! मी खरं बोलत असेन, असं तुम्हा मोठ्यांपैकी एकाच्याही मनात आलं नाही!" तिला रडायचं नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी आलंच.

काकूंनी पदर तोंडाला लावला. आजोबा सावकाश उठले. "शाबास पोरांनो! आम्हा मोठ्यांना जमलं न्हाई ते तुम्ही..."

"शाबासकी नंतर, आजोबा! आधी काकांनी बोलायचं."

काका पायातल्या चपलांकडे बघत पुटपुटले, "सुकन्या चोर न्हाई."

"मोठ्यानं!" आजोबा कडाडले. "चारचौघांत बोललास ना तिला? मग तसंच मोठ्यानं बोल!"

"सुकन्या चोर न्हाई! माझं चुकलं!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"माझंही चुकलं," आजोबा म्हणाले. "न विचारता शिक्षा ठरवून बसलो. तू विष्णुपुरीला जाणार, पोरी."

"आणि आमच्या गिरणीवर आळ घेतला त्याचं काय?" कहकशांनं कमरेवर हात ठेवले.

"मल्ली, टोपी दे माझी," आजोबा म्हणाले. "चल, दोघं मिळून खाजामियाँकडं जाऊ."

शिबिराला निघायच्या सकाळी काकूंनी स्वतःच सुकन्याला स्वयंपाकघरात बोलावलं. परात घासूनपुसून घेतलेली, तवा कोरा. "हितं उभी राहा, अन् मी काय काय घालते ते बघ," त्या म्हणाल्या. त्यांनी उकळतं पाणी घालून पीठ मळलं, जीव ओतून थापलं, तरी तव्यावरून काढताना पहिलाच धपाटा मोडला. दुसऱ्याचेही दोन तुकडे झाले.

तेवढ्यात विरजण मागायला आलेल्या शेजारच्या शांतम्मांनी डोकावून पाहिलं. "अगंबाई जगदेवी! तुझे धपाटे मोडले?"

"हाव, मोडले!" काकू तुकडे डब्यात भरत ठसक्यात म्हणाल्या. "मोडायलाच पायजेत!"

सुकन्याचा राग अजून सगळा गेला नव्हता. पण वाटेत तुकडे खायला तिने मांडणीवरून एक चमचा घेतला, डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.